पंचगंगेची पातळी तासाला कळते, मग पाण्याची प्रत का नाही?

काठावरचा

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न 'राजाराम बंधारा किती?' हाच असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पातळी तासातासाला मोबाइलवर येते, माणसं आणि जनावरं त्यावर हलतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात या एका आकड्याचा केवढा आधार होता, ते काठावरच्या माणसाला सांगायला नको.

आता त्याच नदीचा उन्हाळा आठवा. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडतो. पाणी काळपट, वर जलपर्णीचा गालिचा, काठावर उभं राहवत नाही असा वास. पेपरात फोटो येतात, पंचनामा होतो, बाटलीत नमुना भरला जातो. अहवाल हातात येईपर्यंत ते पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून कर्नाटकाच्या वाटेला लागलेलं असतं. प्राणवायू किती वाजता संपला, कुठल्या बंधाऱ्यापासून खाली संपला, त्या रात्री नदीत काय आलं, यातलं काहीच कुणाला सांगता येत नाही. मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कोल्हापूरचे जयंती आणि दुधाळी नाले, इचलकरंजीचा काळा ओढा, साखर कारखाने, आसवन्या, शेतातली खतं. सगळेच थोडे थोडे दोषी, म्हणून कुणीच दोषी नाही.

नियमित तपासणी होतच नाही असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय जल गुणवत्ता कार्यक्रमात ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेतले जातात, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा. पण महिन्यात ७२० तास असतात आणि बाटली भरली जाते ती एका क्षणाला, तीही दिवसा. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात याची चाचणी आपल्याकडे २७ अंशाला ३ दिवस चालते. म्हणजे अहवालातला आकडा नदीची एक जुनी झलक असतो. रात्री दोनला कुणी टाकी रिकामी केली, तर ती या पद्धतीत सापडणं हा निव्वळ योगायोग.

पाण्यात कायम बुडवून ठेवायचे सेन्सर आता नवीन राहिलेले नाहीत. तापमान, पीएच, विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता आणि गढूळपणा, या पाच गोष्टी दर १५ मिनिटांनी मोजून मोबाइल नेटवर्कवरून पाठवता येतात. गंगेवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अशी केंद्रं आहेत. मग पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे सहा बंधारे ओळीने उभे असताना, पातळीच्या आकड्याशेजारी प्राणवायूचा आकडा का असू नये?

इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत. कुठे बसवावं, काय मोजावं, कोण सांभाळणार, यावर मोकळेपणाने लिहा.

सायली_इचल

महत्त्वाचा धागा. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा मी कॉलेजात होते. घरोघरी पाणी उकळत होते आणि दवाखान्यात जागा नव्हती. वाचतेय.

मीटरवाला

मी उपकरणांच्या धंद्यात आहे. कारखान्यांच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पांवर) आणि पाणीपुरवठ्याच्या जॅकवेलवर (नदीतलं पाणी उपसायच्या विहिरींवर) असे सेन्सर बसवतो. काठावरचा यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं, पण सुरुवातीलाच एक सांगतो. यंत्र विकत घेणं हा यातला सर्वांत सोपा भाग. निविदा निघते, सोंड येते, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होतं, आणि तीन महिन्यांनी स्क्रीनवरचा आकडा नदीशी काही संबंध नसलेला असतो.

सोंड म्हणजे मनगटाएवढी जाड नळी, खालच्या टोकाला पाच-सहा सेन्सर. त्यातला प्राणवायूचा सेन्सर हल्ली ऑप्टिकल असतो. टोपीत एक रंगद्रव्य असतं, त्यावर निळा प्रकाश टाकला की ते चमकतं, आणि आजूबाजूला प्राणवायू जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. विझण्याच्या वेगावरून आकडा काढतात. जुन्या पडदा-इलेक्ट्रोलाइटच्या सेन्सरपेक्षा याची कटकट खूपच कमी.

पण पंचगंगेसारख्या पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात त्या टोपीवर आठवड्याभरात बुळबुळीत थर चढतो. त्या थरातले जिवाणू स्वतःच प्राणवायू खातात. म्हणजे सेन्सर नदीचा प्राणवायू न मोजता आपल्या अंगावरच्या शेवाळाचा मोजायला लागतो, आणि आकडा हळूहळू खाली घसरतो. गढूळपणाच्या सेन्सरचं उलटं होतं, काचेवर घाण बसली की आकडा वर चढतो. सोंडेला फिरता ब्रश असतो, त्याने बराच फरक पडतो, पण सगळं काम त्याच्यावर सोडता येत नाही.

यावरचा उपाय अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००६ च्या नियमावलीत नीट लिहून ठेवलाय आणि जगभर तोच वापरतात. दोन ते चार आठवड्यांनी माणूस जातो. सोबत एक स्वच्छ, नुकतंच तपासलेलं दुसरं यंत्र नेतो. आधी मळक्या सोंडेचं वाचन घेतो. मग ती बाहेर काढून मऊ ब्रशने साफ करतो, परत पाण्यात सोडून पुन्हा वाचन घेतो. या दोन वाचनांतला फरक, त्या मधल्या वेळात नदीत झालेला बदल दुसऱ्या यंत्रावरून वजा करून, म्हणजे मळाची चूक. नंतर सोंड माहीत असलेल्या द्रावणात बुडवून बघतो. तिथे येणारा फरक म्हणजे सेन्सरची स्वतःची घसरण. दोन्ही चुका वेगळ्या लिहायच्या आणि मागच्या भेटीपासूनच्या आकड्यांत त्या प्रमाणात दुरुस्ती करायची. ही वही नसेल तर दर १५ मिनिटांच्या आकड्यांचा ढीग कोर्टात काय, चहाच्या टपरीवरही टिकणार नाही.

जागेबद्दल थोडक्यात. पातळी मोजायचं यंत्र जिथे आहे तिथेच हे बसवा. प्रवाह माहीत नसेल तर मिलिग्रॅम प्रति लिटरवरून नदीत एकूण किती घाण आली हे निघत नाही. आणि सोंड पुलाच्या खांबाला लोखंडी पाइपात, पूर आला की वर ओढता येईल अशी लावा.

शिरोळ_मळा

आमचं रान नदीच्या कडेलाच हाय. मीटर बसवा नाहीतर काही करा, पण एवढं सांगतो की मासा एकदम मरत नाही. आधी तो वर येतोय, तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करतोय. पहाटे जास्त. ऊन पडलं की जरा खाली जातोय. आमच्याकडच्या जुन्या भोई मंडळींना ते बघूनच कळतं की पाणी बिघडलं. दिवसा साहेब लोक येऊन बघतात तवा पाणी त्यातल्या त्यात बरं असतं.

दुसरं म्हणजे बरगे, बंधाऱ्यात पाणी अडवायला घालतात त्या फळ्या. वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढले की साठलेलं काळं पाणी एकदम खाली येतंय आणि त्या दिवशी खालच्या बंधाऱ्यावर खच पडतोय. ह्यात दोष कुणाचा? बरगे काढणाऱ्याचा का वर घाण सोडणाऱ्याचा?

आणि तुमचा मीटर घाण सोडणाऱ्याचं नाव सांगणार का? तेवढं सांगा.

निवृत्त_केमिस्ट

शिरोळ_मळा यांनी जे लिहिलंय त्यात सतत मोजणीची सगळी गरज आली. पहाटे मासे का वर येतात हे सविस्तर लिहितो.

दिवसा पाण्यातलं शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं आणि प्राणवायू सोडतं. रात्री ते बंद होतं, पण श्वसन चालूच राहतं. शेवाळाचं, माशांचं, गाळातल्या जिवाणूंचं. म्हणून प्राणवायू रात्रभर उतरत जातो आणि सूर्योदयाच्या जरा आधी तळाला पोचतो. दुपारी दोन-तीनला तो सर्वांत वर असतो. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात समुद्रसपाटीला साधारण साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो. शेवाळ माजलेल्या डोहात दुपारी तो १० च्या वरही जातो, आणि त्याच डोहात पहाटे २ च्या खाली. आंघोळीच्या पाण्याचा आपला निकष आहे किमान ५. दुपारी बाटली भरणारा लिहिणार 'निकषात', आणि त्याच दिवशी पहाटे मासे तडफडलेले असणार. दोन्ही खरं आहे. दुपारच्या एका बाटलीला पहाट दिसत नाही एवढंच.

जलपर्णीचं गणित वेगळं. तिची पानं हवेत असतात, प्राणवायू हवेत जातो. खाली ऊन पोचत नाही आणि वाराही पाण्याला लागत नाही. त्यामुळे जलपर्णीखाली दिवस-रात्रीची ती लाटच पुसली जाते, आकडा दिवसभर तळाला चिकटून राहतो. आलेख पाहिला की फोटो नसतानाही कळतं की वर गालिचा आहे.

आता नावाचा प्रश्न. मीटर नाव सांगत नाही. पण प्रत्येक घाणीची खूण निराळी असते. कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये रिअॅक्टिव्ह रंग धाग्यावर बसावा म्हणून मीठ टाकतात, गडद रंगाला लिटरमागे ५० ग्रॅमच्या पुढेसुद्धा. ते मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही, तसंच नदीत येतं आणि विद्युतवाहकता उडी मारते. आसवनीचं मळीमिश्रित पाणी आम्लधर्मी असतं आणि त्याची बीओडी लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमच्या घरात. ते आलं की पीएच जरासा दबतो आणि काही तासांत प्राणवायू कोसळतो. घरगुती सांडपाण्याला दिवसाची लय असते, सकाळी आणि संध्याकाळी फुगवटा, सोबत अमोनिया. पहिल्या पावसाचं पाणी गढूळपणा झटक्यात चढवतं आणि विद्युतवाहकता बहुतेक वेळा खाली आणतं, कारण पावसाच्या पाण्यात क्षार कमी. हे चार आलेख एकाखाली एक ठेवले तर काय आलं हे सांगता येतं. आणि सहा बंधाऱ्यांवर घड्याळ जुळवून ठेवलं तर कुठल्या दोन बंधाऱ्यांच्या मधे आलं हेही. इचलकरंजीच्या आकड्यात उडी आहे आणि रुईच्या नाही, मग शोधायचं अंतर किती उरलं?

बरग्यांचं: बंधाऱ्यामागे महिनोन् महिने गाळ बसतो, त्यात प्राणवायू नसतो. बरगे भराभर काढले की तो गाळ ढवळला जातो आणि आधीच अशक्त झालेल्या पाण्यातला उरलेला प्राणवायूही खातो. त्यामुळे उत्तर 'दोन्ही' असं आहे. पण वर आणि खाली सेन्सर असेल तर पाटबंधारेवाले आधी आकडा बघून, थोडे थोडे बरगे काढू शकतील. हा उपयोग कुठल्याही कोर्टकचेरीशिवाय लगेच होण्यासारखा आहे.

काठावरचा

केमिस्टकाका, हे इतकं स्वच्छ मी आजवर कुठे वाचलं नव्हतं. बरग्यांचा मुद्दा तर माझ्या डोक्यातही नव्हता. राधानगरीतून पाणी सोडून नदी वाहती केली जाते तेव्हाही हेच लागू पडेल ना? किती पाणी सोडल्यावर तेरवाडला किती तासांनी प्राणवायू सुधारतो, हा हिशेब आज अंदाजाने चालतो.

निवृत्त_केमिस्ट

होय, तोच हिशेब. आणि धरणातलं पाणी फुकट नाही, म्हणून तो हिशेब मांडायलाच हवा.

डेमॉइनकर

मी अमेरिकेत आयोवात राहते, डे मॉइन शहरात. विषय जवळचा म्हणून लिहिते.

आमच्या शहराचं पिण्याचं पाणी रकून आणि डे मॉइन या दोन नद्यांतून येतं. वरच्या अंगाला मैलोन् मैल मका आणि सोयाबीन. शेताखाली निचऱ्याचे पाइप घातलेले असतात, आणि मे-जूनच्या पावसात खतातला आणि मातीतला नायट्रेट त्या पाइपांतून सरळ ओढ्यात येतो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा नायट्रोजन म्हणून मोजली तर १० मिलिग्रॅम. भारतात नायट्रेट म्हणून ४५ म्हणतात, ते जवळपास तेवढंच. इथल्या जलसंस्थेकडे नायट्रेट काढायचा मोठा प्रकल्प आहे आणि तो चालवणं महाग पडतं. २०१५ मध्ये संस्थेने वरच्या तीन काउंटींच्या निचरा मंडळांवर खटला भरला, २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट इतका चढला की लोकांना हिरवळीला पाणी घालायला बंदी केली. पाणी भरपूर होतं, ते शुद्ध करायची क्षमता कमी पडत होती.

मला जे सांगायचंय ते सेन्सरच्या जाळ्याबद्दल. आयोवा विद्यापीठाने राज्यभरच्या ओढ्या-नद्यांवर नायट्रेटचे सेन्सर बसवले. नायट्रेट अतिनील प्रकाश शोषतो, त्यावरून मोजतात, कुठलंही रसायन लागत नाही. आकडे संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. पाऊस पडून गेल्यावर माझी शाळकरी मुलगी तो आलेख उघडून बघते. शेतकरीही बघतात. 'आमच्या शेतातून काही जात नाही' हे वाक्य त्या आलेखासमोर टिकत नाही, आणि 'सगळं आमच्याच शेतातून जातं' हेसुद्धा नाही, कारण कुठल्या खोऱ्यातून किती येतं ते उघड दिसतं.

आणि मग २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्या जाळ्याला मिळणारा निधी दुसरीकडे वळवला. नदी तीच, सेन्सर तेच, फक्त ते चालवायला लागणारे पैसे गेले. नंतर इतर ठिकाणांहून पैसे उभे करून जाळं जिवंत ठेवावं लागलं. म्हणून तुम्ही पंचगंगेसाठी मागणी कराल तेव्हा यंत्रांची मागणी करू नका. दहा वर्षांच्या देखभालीची आणि आकडे खुले ठेवण्याची मागणी करा, लेखी.

बाळासाहेब_रुई

माफ करा, पण मला हे सगळं पटत नाही. घाण कुठून येते हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, तो सांगेल. प्रश्न माहितीचा कधी नव्हताच. २०१८ च्या केंद्रीय मंडळाच्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, देशात सर्वांत जास्त. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर आला आणि आपला ५५ वर गेला. हे सगळं बाटलीच्या नमुन्यांवरूनच कळलं की. काय फरक पडला? लाखो रुपयांचे सेन्सर बसवण्यापेक्षा तेच पैसे नाले अडवायला आणि सांडपाणी प्रकल्पांना द्या. आणखी आकडे म्हणजे आणखी एक समिती, आणखी दोन वर्षं.

आणि २०१४ पासून १७ प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांना ऑनलाइन मीटर बसवायची सक्ती आहेच. साखर आणि आसवनी त्यात येतात. नदी सुधारली का?

मीटरवाला

बाळासाहेब, तुमचा राग योग्य आहे. ऑनलाइन मीटरबद्दल तेवढं सांगतो. तो मीटर कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या पाइपावर असतो आणि त्याची देखभाल कारखानाच करतो. जे पाणी त्या पाइपातून गेलंच नाही, टँकरने गेलं, शेतातून ओढ्यात सोडलं, ते त्या मीटरला दिसण्याचा प्रश्नच येत नाही. नदीतला सेन्सर पाइप कुठला ते बघत नाही. नदीत आलं ते मोजतो. म्हणून एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

निवृत्त_केमिस्ट

बाळासाहेबांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. सांडपाणी प्रकल्पाच्या पैशातून एक रुपयाही सेन्सरकडे वळवू नये. प्रकल्प आधी. पण प्रकल्प बांधला म्हणजे चालतो असं नसतं. वीज गेली, पंप बिघडला, क्षमतेपेक्षा जास्त पाणी आलं, की ते बिनप्रक्रिया ओव्हरफ्लो होतं. इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण कायद्याने सांडपाणी सोडण्याच्या जागांच्या वर आणि खाली सतत मोजणीचं बंधन पाणी कंपन्यांवर टाकलं, ते याचसाठी. प्रकल्प चालू आहे की कागदावर आहे, हे त्याच्या खालच्या पाण्यालाच विचारावं लागतं.

कायद्याचं म्हणाल तर १९७४ च्या जल कायद्याच्या २१ व्या कलमात सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा हे ठरलेलं आहे. मालकाला नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सीलबंद बाटल्या, सह्या. सेन्सरचा आलेख त्या नमुन्याची जागा घेत नाही. पण सेन्सरला स्वयंचलित नमुना-यंत्र जोडता येतं. विद्युतवाहकता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की यंत्र आपोआप बाटल्या भरायला लागतं आणि अधिकाऱ्याच्या फोनवर संदेश जातो. मग तो माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी न येता त्याच रात्री ओढ्याच्या तोंडाशी पोचू शकतो. नमुना कायद्याप्रमाणे घ्यायचा, फक्त योग्य वेळी.

एक मर्यादाही सांगून ठेवतो, नाहीतर नंतर अपेक्षाभंग होतो. बीओडी आणि कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) या दोन गोष्टी सेन्सर थेट मोजत नाही. बीओडीचा म्हणून जो आकडा येतो तो अतिनील शोषणावरून काढलेला अंदाज असतो, आणि त्या त्या नदीच्या पाण्यावर तो पुन्हापुन्हा प्रयोगशाळेत पडताळावा लागतो. कोलिफॉर्मला जंतू वाढवूनच बघावे लागतात. काविळीचा विषाणू तर त्याहून लांबची गोष्ट. सायलीताईंनी २०१२ चं लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतो. पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीन आणि प्रयोगशाळा यांना पर्याय नाही.

बासेलहून

स्वित्झर्लंडमधून लिहितोय, उशिरा आलो. १ नोव्हेंबर १९८६ ला इथे श्वाइत्सरहाले गावी रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं आणि लाल रंग घेऊन राइनमध्ये गेलं. खाली सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, सगळ्यांना फटका.

त्यानंतर जे उभं राहिलं त्यातलं एक केंद्र आमच्या जवळ, वाइल आम राइनला आहे. स्वित्झर्लंड आणि जर्मनी मिळून चालवतात. तिथली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. पाणी नदीच्या एका काठावरून घेत नाहीत, रुंदीतल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतात. कारण एका काठाने सोडलेली घाण बरंच अंतर त्याच काठाला चिकटून वाहते. काळ्या ओढ्याच्या तोंडासमोरच्या काठावर सेन्सर लावला तर त्याला काहीच दिसणार नाही. आणि ओढ्याच्या तोंडातच लावला तर नदी रोज मेलेली दिसेल.

राइनवरच्या काही केंद्रांत डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक पिसवांसारखे जीव, वाहत्या पाण्यात ठेवून कॅमेऱ्याने त्यांची हालचाल बघतात. ज्या विषाचं नाव कुठल्याच यंत्राला माहीत नाही ते त्यांना कळतं. शिरोळ_मळा यांनी भोई मंडळींचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं.

आणि आपली पंचगंगासुद्धा कृष्णेतून दुसऱ्या राज्यात जाते, हे विसरून चालणार नाही.

काठावरचा

ओढ्याचा मुद्दा लिहून घेतला. मग ओढ्यातच वेगळा सेन्सर का नको? नदीवर सहा आणि ओढे-नाल्यांच्या तोंडाशी छोटे, फक्त विद्युतवाहकता आणि तापमान मोजणारे. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं ना?

मीटरवाला

बरोबर. विद्युतवाहकतेचा सेन्सर सगळ्यांत दणकट आणि स्वस्त. पूर्ण सोंड काही लाखांत जाते, हा त्याच्या अगदी थोड्या भागात होतो. सोलर पॅनेल, बॅटरी आणि सिम धरूनही. चोरी मात्र धरून चाला. बॅटरी आणि पॅनेल जातातच. ग्रामपंचायतीच्या किंवा जॅकवेलच्या आवारातून केबल टाका, माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी.

सायली_इचल

मी आता कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सरकार कधी बसवेल तेव्हा बसवेल, तोवर आम्ही काही करू शकतो का? आमच्या प्रयोगशाळेत प्राणवायू मोजायच्या विंकलर पद्धतीचं सगळं सामान आहे.

निवृत्त_केमिस्ट

नक्की करा. विंकलरची पद्धत १८८८ ची आहे आणि आजही सेन्सर तपासायला तीच वापरतात. बाटली पाण्याखाली धरून भरा, बुडबुडा राहता कामा नये. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घाला, झाकण लावून उलटीसुलटी करा. प्राणवायू असेल तर तपकिरी साका येतो. नसेल तर साका पांढरा राहतो. तो पांढरा साका एकदा मुलांनी स्वतःच्या हातातल्या बाटलीत बघितला की प्राणवायू शून्य म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. साका बसल्यावर आम्ल घालून बाटली प्रयोगशाळेत न्या आणि थायोसल्फेटने टायट्रेशन करा. सांडपाण्यात नायट्राइट असतो, तो लुडबुड करतो, म्हणून अझाइड मिसळलेलं द्रावण वापरा. अझाइड विषारी आहे, तेव्हा द्रावण तुम्ही स्वतः हाताळा, मुलांना देऊ नका. हातमोजे, चष्मा, आणि ते आम्लात कधी थेट ओतायचं नाही.

वेळ मात्र पहाटेची धरा, उजाडायच्या आधीची. आणि त्याच ठिकाणी त्याच दिवशी दुपारी दुसरी बाटली. दोन आकडे शेजारी लिहा. काठावर अंधार असतो, एकट्या जाऊ नका, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.

शिरोळ_मळा

तेरवाडला पहाटे यायचं असेल तर मी आणि आमच्यातले दोघं-तिघं आहोत. होडी हाय, मधल्या धारेतलं पाणी काढून देतो. कडेचं घेऊ नका, कडेला जलपर्णी असती.

बाळासाहेब_रुई

रुईला मी येतो. माझं मत अजून तेच आहे, प्रकल्प आधी. पण पहाटेचा आकडा मलाही बघायचाय.

मीटरवाला

माझ्याकडे हातात धरायचा विद्युतवाहकतेचा मीटर पडून आहे, कॅलिब्रेशनच्या द्रावणासकट पाठवतो. सायलीताई, एक करा. चारही ठिकाणच्या मोबाइलची घड्याळं आपोआप वेळ घेण्यावर ठेवा आणि प्रत्येक बाटलीवर तास-मिनिटं लिहा. बंधाऱ्याची त्या वेळची पातळी आणि बरगे किती आहेत तेही त्याच ओळीत. तक्ता मी करून इथेच टाकतो, कुणालाही उघडता येईल असा.

सायली_इचल

चालेल. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. राजाराम आणि सुर्वेसाठी कोल्हापूरचं कुणी आहे का?